छोटे देऊळ

एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयातून दुपार कलताना बाहेर पडावे, जुन्या कागदाचा तो तुरट वास अद्याप बोटांना चिकटलेला असावा, आठ भव्य डोरिक स्तंभांची ओळ पाठीशी टाकून तीस पायऱ्या सावकाश उतरू लागावे, आणि उतरता उतरता समोर, रहदारीच्या पलीकडे, लोखंडी गजांच्या कुंपणाआड एकवटलेली हिरवी वर्तुळाकार छाया दृष्टीस पडावी, हा माझ्या मुंबईतील आयुष्याचा जुना परिपाठ आहे. याच पायऱ्यांवरून महामहोपाध्याय काणे उतरले, दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे चढल्या-उतरल्या. ग्रंथांतून मान वर काढणाऱ्या माणसाला एकदम रस्त्याच्या कोलाहलात जाऊन पडू नये, मध्ये थोडी उसंत मिळावी, अशी काही योजना या ठिकाणी कोणी जाणून केली असेल असे नाही. पण ती आपोआप घडून आली आहे, आणि तिचे नाव हॉर्निमन सर्कलची बाग.

बाग लहान आहे. रमतगमत चालले तरी तिची प्रदक्षिणा थोड्याच वेळात पुरी होते. पण मुंबईच्या कोटात, जिथे हातभर जागेलाही मोल आहे, तिथे एवढी भूमी केवळ झाडांना आणि रिकाम्या बसलेल्या माणसांना सोडून दिलेली पाहून मन थबकते. दुपारच्या वेळी आसपासच्या पेढ्यांतले कारकून, कचेऱ्यांतले शिपाई, टपाल घेऊन हिंडणारी पोरे असे सारे इथे येतात. कोणी डबा उघडतो. त्याची झाकणे बाकावर ओळीने मांडली जातात, पोळीचा पहिला तुकडा मोडला जातो, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला 'घ्या ना' म्हटले जाते. कोणी चपला उशाला घेऊन, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून झोपतो. ते वर्तमानपत्र कधी कधी 'मुंबई समाचार' असते. १८२२ साली फर्दुनजी मर्झबानांनी सुरू केलेले ते पत्र आजही याच वर्तुळाच्या काठावरील तांबड्या इमारतीतून निघते, आणि त्याच्या पानाखाली कोणाला तरी घटकाभर निद्रा लागते हे मला त्या पत्राच्या दीर्घायुष्याइतकेच समाधानाचे वाटते.

बागेच्या भोवती अर्धवर्तुळाकार वळलेल्या त्या इमारतींना एकाच घाटाची दर्शनी बाजू आहे, आणि खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओवरी आहे. पावसाळ्यात या ओवरीतून चालताना मान जराशी वर केली, तर कमानींच्या माथ्यावरील कळीच्या दगडांत कोरलेले दाढीवाले गंभीर चेहरे दिसतात. पाणी त्यांच्या दाढ्यांवरून ओघळत असते, कबुतरांनी त्यांच्या भुवयांवर वस्ती केलेली असते. ते कोणत्या देशीचे कोणते देव, हे खालून जाणाऱ्यांपैकी कोणी विचारीत नाही. मीही पुष्कळ दिवस विचारले नव्हते. मुंबईच्या दगडांकडे नीट पाहावे असे मला प्रथम वाटले ते या चेहऱ्यांमुळे नव्हे. आज या बागेत जी मूर्ती नाही, जिची जागाही आता कोणी दाखवीत नाही, त्या एका मूर्तीमुळे वाटले.

ही बाग होण्यापूर्वी इथे उघडे मैदान होते. इंग्रज त्याला 'बॉम्बे ग्रीन' म्हणत. मैदानाच्या एका अंगाला सेंट थॉमसचे चर्च. त्याचा पाया १६७६ च्या सुमारास, गव्हर्नर जेराल्ड आंजिअरच्या अमदानीत घातला गेला. मग भिंती अर्धवट उभ्या राहून पावसाचे मार खात राहिल्या, आणि १७१८ च्या नाताळात कुठे ते उपासनेसाठी उघडले. किल्ल्याच्या पश्चिमेकडील दरवाजाला चर्चगेट हे नाव पडले ते याच देवळावरून, आणि मुंबई बेटावरील मैलांचे दगड मोजले जात तेही याच्याच उंबरठ्यापासून. दुसऱ्या अंगाला १८३३ साली टाउन हॉल पुरा झाला, ज्याच्या पायऱ्यांचा उल्लेख मी आरंभी केला. मधल्या जागेत हंगामात रुईच्या गाठींचे डोंगर रचले जात. हवेत कापसाचे तंतू तरंगत, हमालांच्या आरोळ्या उठत, तराजू लागत, आणि एखादी ठिणगी कोठून उडेल या धास्तीने रात्री पहारे फिरत. १८४४ मध्ये हा रुईचा बाजार कुलाब्याकडे हलविला गेला, तेव्हा ते मैदान जवळजवळ ओस पडले. त्यानंतर दहाएक वर्षांनी टाउन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल जमून समभागांची उलाढाल करू लागले. दलाल स्ट्रीटवरच्या आजच्या बाजाराचे मूळ त्या वडाच्या सावलीत आहे. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ही सारी जागा स्थित्यंतराच्या अगदी उंबरठ्यावर होती. तट पडू लागले होते, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते, आणि शहर आपले रूप बदलण्याच्या घाईत होते.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्याही आधीचे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मैदानावर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा आला. लंडनच्या जॉन बेकन या शिल्पकाराच्या पुत्राने, धाकट्या जॉन बेकनने तो घडविला होता. जहाजातून तो इथे उतरविला गेला, आणि त्याच्यावर घुमटाकार छत्र उभारले गेले. कॉर्नवॉलिस हे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १७९२ साली श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले होते, आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा याच कॉर्नवॉलिसच्या छावणीच्या शेजारी उतरल्या होत्या. टिपूचे दोन कोवळे मुलगे ओलीस म्हणून त्याच्या स्वाधीन झाले ते याच प्रसंगी. त्याच्या आधी अमेरिकेत यॉर्कटाउन येथे १७८१ साली त्याला शरण जावे लागले होते, आणि नंतर बंगालमध्ये त्याने कायमधाऱ्याची पद्धत घालून दिली, तिचे ओझे तेथील रयतेने पिढ्यानुपिढ्या वाहिले. १८०५ मध्ये तो दुसऱ्यांदा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि थोड्याच अवधीत गंगेच्या काठी गाझीपूर येथे वारला. तिथे त्याची समाधी आहे, आणि तिच्यावरही घुमट आहे.

मुंबईच्या मैदानावरील या मूर्तीपुढे लोक फुले वाहू लागले. जुन्या इंग्रजी वृत्तांतांतून याची नोंद आहे. देशी लोक त्या जागेला 'छोटे देऊळ' म्हणत, तिथे हार घालीत, एका थोर पुरुषाच्या दर्शनाला यावे तसे येऊन हात जोडीत. सरकारला हे पसंत पडले नाही. देशी भाषांत जाहीरनामे लावून लोकांची समजूत घालण्याचा प्रयत्न झाला, की बाबांनो, हा देव नव्हे, हा आमचा एक सरदार आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही. लोक येतच राहिले. 

ज्यांनी हे लिहून ठेवले त्यांच्या लेखी ही एतद्देशीयांच्या भाबडेपणाची एक करमणूक होती. आपल्याकडेही ती गोष्ट त्याच सुरात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ऐकणारा हसतो आणि सांगणारा पुढच्या गोष्टीकडे वळतो. मला मात्र ती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून हसू आलेले नाही. मी पुस्तक मिटून खिडकीतून खाली पाहत राहिलो होतो, आणि जसजसा विचार करीत गेलो तसतसे मला वाटू लागले, की त्या मैदानावर त्या दिवसांत दगडाची भाषा कोणाला येत असेल तर ती त्या फुले वाहणाऱ्यांनाच येत होती.

कारण त्यांनी काय पाहिले? चौथरा पाहिला, खांब पाहिले, वर घुमटी पाहिली, आणि तिच्या खाली एका पुरुषाची शुभ्र, शांत, माणसाहून थोर आकाराची प्रतिमा पाहिली. आपल्या देशात अशा रचनेचा अर्थ एकच होता. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. तो पुरुष १७९४ मध्ये गेला, म्हणजे तो कॉर्नवॉलिसचा समकालीन. जिथे त्याच्या देहाला अग्नी दिला तिथे त्याची मूर्ती आहे, तिची नित्य बूज राखली जाते, आणि पाऊस असला तरी त्या आवारात आपली छत्री उघडू नये, कारण पाटीलबोवांचा तो अवमान होतो, असा संकेत चालत आला आहे. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि तिथे खुद्द शिवछत्रपतींच्या मूर्तीची पूजा होते. गावोगावच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. कोण लढला, कशासाठी पडला, हे गाव विसरून गेलेले असते, पण शेंदराचे बोट दरवर्षी लागते. थोर पुरुष मेल्यावर त्याच्या ठायी काहीतरी उरते, त्या उरलेल्याला घर द्यावे लागते, आणि त्या घराच्या दाराशी पादत्राणे काढावी लागतात, हे ज्या लोकांनी आईच्या कडेवर असल्यापासून पाहिले, त्यांच्यासमोर छत्रीखालची मूर्ती आणून ठेवायची आणि मग इला हात जोडू नका म्हणून जाहीरनामा काढायचा, यात अज्ञान असेल तर ते जाहीरनामा काढणाऱ्यांचे होते. युरोपातल्या चौकांत पुतळा उभा राहतो तो सन्मानासाठी. त्याच्याकडे पाहायचे असते. इथे मूर्तीकडे नुसते पाहण्याचा रिवाज नव्हता. पाहणे, वाकणे आणि काहीतरी वाहणे ही एकच क्रिया होती.

त्या माणसांची नावे कोणी टिपली नाहीत. मी त्यांना मनात उभे करण्याचा प्रयत्न करतो. पहाटे बंदरावरून पाटी घेऊन निघालेली एखादी कोळीण असेल, बाजारगेटाकडे जाता जाता टोपली खाली ठेवून तिने अंबाड्यातले फूल काढले असेल. घाटावरून पोटासाठी आलेला, रात्रभर गाठी वाहून खांदा सोललेला एखादा हमाल असेल. मुंबईत त्याचे गाव नाही, कुलदैवत नाही, भावकी नाही. आणि इथे उघड्या मैदानात, जिथे बाकी सारे गोऱ्यांचे, एक पांढरा पुरुष छत्राखाली स्थिर उभा आहे, जो त्याला हाकलीत नाही. मागणे काय असेल? बैलाचे दुखणे, पोराचा ताप, मुकादमाची मर्जी. टिपूचे ओलीस मुलगे आणि बंगालची धारावसुली यांच्याशी त्या मागण्याचा काडीमात्र संबंध नसेल, आणि तरीही ते मागणे त्या दगडापाशी बोलले गेले. पुतळा उभारणाऱ्यांनी तळाशी काय कोरले होते ते वाचणारे थोडे. पण आपल्या सुखदुःखाचे शब्द त्या दगडाला लावणारे पुष्कळ झाले. कॉर्नवॉलिसच्या स्मृतीला याहून मोठा सन्मान कोणत्याही सभेच्या ठरावाने मिळाला नसेल, असे मी मनापासून म्हणतो. आणि तो सन्मान त्याचा नव्हता, वाहणाऱ्यांच्या श्रद्धेचा होता, हेही तितक्याच मनापासून म्हणतो.

मैदानाची बाग झाली ती चार्ल्स फोर्जेटच्या कल्पनेतून. हा मुंबईचा पोलीस अधिकारी. हिंदुस्थानातच वाढलेला, मराठी आणि हिंदुस्थानी अस्खलित बोलणारा, वेषांतर करून रात्री वस्त्यांतून हिंडणारा. १८५७ च्या ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले, त्यांच्या कटाचा माग याच फोर्जेटने काढला होता. जगन्नाथ शंकरशेटांसारख्या शहराच्या आधारस्तंभावरही त्या दिवसांत संशयाची सावली पडली होती, आणि चौकशीअंती तो संशय निराधार ठरला. असल्या काळात असल्या माणसाच्या मनात ओसाड मैदानाच्या जागी एक वर्तुळ यावे, त्याच्याभोवती एकसारख्या सुंदर इमारती असाव्यात आणि मध्ये झाडे असावीत, हे मनुष्यस्वभावाच्या गुंतागुंतीचे मला नेहमी एक उदाहरण वाटते. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि पुढे सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांनी ती कल्पना उचलून धरली, जमीन घेऊन तिचे भूखंड पाडून विकले गेले, कापसाच्या पैशाने तेजीत आलेल्या पेढ्यांनी ते चढ्या भावाने घेतले, आणि १८७२ पर्यंत ते काम पूर्ण झाले. नाव ठेवले एल्फिन्स्टन सर्कल. कॉर्नवॉलिसची मूर्ती या नव्या वर्तुळाच्या पोटात आली. पूर्वी उघड्या माळावर होती, आता कुंपणात होती. कुंपणाला दारे असतात आणि दारांना वेळा असतात. लोकांची फुले हळूहळू कधी थांबली याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही, पण मला वाटते, जाहीरनाम्याला जे जमले नाही ते त्या लोखंडी गजांनी केले असावे.

पुढे शहरात पुतळेच पुतळे झाले. सर आल्बर्ट ससून यांनी दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला, आणि लोकांनी राजपुत्राला बाजूला सारून घोड्याला मान दिला. तो चौक काळा घोडा झाला तो आजतागायत. भायखळ्याला खडा पारशी उभा राहिला, तो आजही दोन उड्डाणपुलांच्या फाट्यात उभा आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ चा, मॅथ्यू नोबलने घडविलेला. त्याला डांबर फासून खेटरांची माळ घातली ती दामोदर हरी चापेकरांनी. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ते स्वतः सांगितले आहे. एकाच शहरात एका शतकाच्या आत एका पुतळ्याला फुलांची माळ पडली आणि दुसऱ्याला खेटरांची. दोन्ही माळा घालणारे हात आपल्याच माणसांचे. दोघांनीही मूर्तीला निर्जीव मानले नाही, हे त्यांच्यातले साम्य मला पुष्कळ वेळा अस्वस्थ करून गेले आहे.

स्वातंत्र्य आले आणि सर्कलचे नाव बदलले. बेंजामिन गाय हॉर्निमन हा फिरोजशहा मेहतांच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. जालियनवाला बागेच्या काळात पंजाबातील अत्याचारांना त्याने वाचा फोडली, म्हणून १९१९ मध्ये त्याच्याच देशबांधवांच्या सरकारने त्याला हद्दपार केले. १९२६ साली तो परत आला, इथेच राहिला, आणि स्वतंत्र झालेला हिंदुस्थान पाहून १९४८ मध्ये वारला. त्याच वृत्तपत्राचे दुसरे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचे नाव लगतच्या रस्त्याला आहे. आज हॉर्निमन हे नाव टॅक्सीवाला सहज उच्चारतो, डबेवाला उच्चारतो, आणि त्या उच्चारात तो इंग्रज संपादक कोण्या चौथऱ्याविनाही नांदतो आहे. हे मला फार आवडते.

मूर्तीची पाळी आली १९६५ मध्ये. शहरातील इंग्रजी अमदानीच्या पुतळ्यांवर तेव्हा रोष उसळला, काहींची मोडतोड झाली, आणि शासनाने एकामागून एक ते पुतळे उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत, संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले. काळा घोडा गेला, राणी गेली, मार्क्विस वेलस्ली गेला, आणि कॉर्नवॉलिसही गेला. वेलस्लीबद्दल मला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. तैनाती फौजेचे जाळे पसरून, १८०२ च्या अखेरीस वसईचा तह घडवून आणून ज्याने पेशवाईच्या गळ्याला फास लावला, तो पुरुष दीडशे वर्षे मराठी मुलखाच्या राजधानीत दगडाच्या रूपाने ताठ मानेने उभा होता. तो हलला याचे मला यत्किंचितही दुःख नाही. पण टाउन हॉलच्या आत, एशियाटिकच्या छताखाली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम यांचे चँट्रीने घडविलेले पुतळे अजून जागच्या जागी आहेत, आणि त्यांच्या सहवासात नाना शंकरशेटही आहेत. त्यांच्या अंगावर ओरखडा नाही. वाचकांची ये-जा असते, पंख्यांचा संथ आवाज असतो, आणि त्या मूर्ती ग्रंथांच्या सोबतीने सुखरूप राहिल्या आहेत. छप्पर असले आणि भोवती वाचणारी माणसे असली, की इतिहासातल्या नावडत्या पुरुषांनाही तग धरता येतो, असे दिसते.

भायखळ्याचे ते संग्रहालयही १८७२ चेच. बागेचे काम पुरे झाले त्याच वर्षी ते लोकांसाठी उघडले, आणि १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करून आहे. आतल्या दालनांची झळाळी आता पुन्हा लोकांना दिसू लागली आहे. पण माझी पावले इमारतीत शिरण्यापूर्वी आवारातच रेंगाळतात. तिथे झाडांखाली ते सारे साहेब जमले आहेत. कोणाचे नाक गेले आहे, कोणाचा हात. मी एका संगमरवरी झग्याच्या चुणीवर तळवा ठेवला होता. दुरून जे गुळगुळीत दिसत होते ते हाताला खरखरीत लागले. मुंबईच्या खाऱ्या हवेने आणि सालोसालच्या पावसाने वरचा तुकतुकीत पृष्ठभाग विरून गेला होता, आणि आतले कण खडीसाखरेसारखे उघडे पडून चमकत होते. हात काढला तेव्हा बोटांना पांढरी भुकटी लागली होती. इटलीच्या डोंगरातला हा दगड; त्याला आपला पाऊस सोसत नाही. चुण्यांच्या खोबणीत शेवाळ धरले होते, आणि त्या शेवाळावरून काळ्या मुंग्यांची रांग बिनदिक्कत वर चालली होती.

त्याच आवारात दगडी हत्ती आहे, आणि त्याच्याजवळ गेल्यावर माझ्या मनाचा सूर पालटतो. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला, उचलताना साखळी तुटली, आणि तो खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे मुंबईच्या राणीच्या बागेत आले, आणि १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आपल्या भूमीचा हा काळा, कठीण पाषाण. पाऊस त्याला शतकानुशतके न्हाऊ घालतो आहे आणि तो तसाच आहे. सांध्यांच्या रेषा अंगावर दिसतात. ज्यांनी त्याला पाडले त्यांच्याच वंशातल्या दोघांनी, कॅडेल आणि ह्यूएट यांनी, त्याला सांधले, आणि आता तो जिंकणाऱ्यांच्या मोडक्या प्रतिमांच्या शेजारी त्यांच्याइतकाच जखमी उभा आहे. मुले मात्र त्याच्याकडेच धावतात. त्याच्या पायाला हात लावतात, आणि त्यांच्या आया, कोणी न सांगता, तो हात पोराच्या कपाळाला लावतात.

काळा घोडा चौकात २०१७ साली नवा घोडा उभा राहिला आहे, पाठीवर कोणी स्वार नसलेला, श्रीहरी भोसले यांनी घडविलेला. लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी जो निवाडा दिला होता, त्यावर शहराने उशिरा का होईना मोहोर उठविली, असे मी त्या घोड्याकडे पाहून म्हणतो. हॉर्निमनच्या बागेत तसे काही उभारावे असे मला वाटत नाही. तिथे मध्ये कारंजे आहे, झाडे आहेत, बाकांवर माणसे आहेत. कधी कधी संध्याकाळी तिथे गाणे होते, सूफी गवयांचे सूर झाडांत चढतात, आणि श्रोते गवतावर मांडी घालून बसतात. मूर्ती गेल्याने बागेचे काही उणे झालेले नाही. बाग त्या मूर्तीहून मोठी झाली आहे, असा माझा कौल आहे.

उणे झाले आहे ते मूर्तीचे. भायखळ्याला कॉर्नवॉलिस उभा आहे तो केवळ एका पराभूत साम्राज्याचा अवशेष म्हणून. त्याच्या आयुष्यातील जो सर्वांत विलक्षण अध्याय, की सात समुद्रांपलीकडून आलेल्या या दगडाला मुंबईच्या अनाम माणसांनी एके काळी आपल्या देवांच्या पंक्तीत बसविले, सरकारी जाहीरनाम्याला न जुमानता त्याला फुले वाहिली, तो अध्याय त्याच्यापासून तुटला आहे. यॉर्कटाउन आणि श्रीरंगपट्टण यांची कथा इंग्रजी इतिहासकार सांगतीलच. छोट्या देवळाची कथा सांगण्याचे काम आपले आहे, कारण ती त्या लाटसाहेबाची कथा नाही, आपल्या पणज्या-खापरपणज्यांची आहे. त्याच्या चौथऱ्यापाशी चार ओळी ठळक मराठीत असाव्यात, आणि त्यांत त्या फुलांचा उल्लेख असावा. संग्रहालयाच्या चालकांनी आणि महापालिकेने हे मनावर घ्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. आणि वाचकहो, मुलाबाळांना घेऊन पेंग्विन पाहायला आपण राणीच्या बागेत जातच असता. पुढच्या खेपेस संग्रहालयाच्या आवारात घटकाभर वळा, मुलांना तो हत्ती दाखवा, आणि मग जरा पलीकडे नेऊन, एके काळी या दगडापुढेही कोणीतरी हात जोडीत असे, एवढे त्यांना सांगा.